पान बाविसावरचा बोंबील

३० नोव्हेंबर, शनिवार

इतिहासात नोंद व्हावी म्हणून लिहितो – आमच्या वाचनालयाच्या पंख्याला दोनच मतं आहेत. बंद आणि वादळ! बंद ठेवला तर वाचनवर्गाचे आम्ही सहाजण घामाघूम, लावला तर कवितांचे कागद थेट शेजारच्या सरावली गावाच्या दिशेनं. रेग्युलेटरसाठी तीन अर्ज दिले. तिसऱ्यावर शेरा आला – 'पाहू.' डहाणूत याहून आशयघन दोन अक्षरं अजून कुणी लिहिलेली नाहीत.

पुढच्या शनिवारी आपल्या दिवाळी अंकातली मालूताईंची कथा घ्यायची. मासळी विकून लिहितात. संपादक मी, म्हणजे निम्मं कौतुक आपसूक माझं.

७ डिसेंबर, शनिवार

कथा खरंच चांगली. नवरा होडीवरून परतला नाही, हे एकदाही न सांगता सांगितलंय. बाई नुसती कामं करत राहते – पाणी भरते, मासळी धुते, दोरीवर टाकते. "संयम बघा!" मी म्हणालो. मग फुशारकी सुचली. हस्तलिखित काढलं आणि पान बाविसावर मी काटलेलं दाखवलं –

'एकटा बोंबील दोरीवर ठरेना. तिनं उचलला, परत टाकला. परत पडला.'

समासात माझी लाल शाई – 'वाऱ्याचं वर्णन. अनावश्यक.'

हेमाली – बँकेतली, जन्माची शाकाहारी – म्हणाली, "सर, वारा कुठाय यात? बोंबील जोडीनंच टांगतात ना. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून. एकटा राहील कसा?"

मी ती ओळ परत वाचायला लागलो, तशी हेमालीच पुढे म्हणाली –

"अरे सर, एवढंही ठाऊक नाय? आमच्या गच्चीवरून दिसतं!"

पन्नास वर्षं बोंबील खातोय. मान वर करून एकदा बघितलं नाही. अख्ख्या कथेत नवरा त्या एकाच जागी गेला होता, आणि ती जागाच मी काढून टाकली.

८ डिसेंबर

किनाऱ्यावर जाऊन आलो. जोड्याच. शेकडो.

वीस वर्षं लोकांना सांगत आलो, न लिहिलेलं वाचा. लिहिलेलं वाचायचं राहून गेलं.

१० डिसेंबर

मासळीबाजारात मालूताईंना गाठलं. माफीचं भाषण तयार होतं. "सर, गिऱ्हाईक आहे, बाजूला उभे ऱ्हा." राहिलो.

मग म्हणाल्या – ती गोष्ट आयची. जिजाबाईंची. त्यांना वाचता येत नाही, म्हणून छापायला देण्याआधी सगळी वाचून दाखवली होती. अंक आल्यावर परत वाचली, तर त्यांनी विचारलं, "माझा बोंबील कुठं गेला?"

"सांगायचं ना, संपादकानं काटला म्हणून!"

"सांगितलं की. म्हणाली, नाव तर तुझं छापलंय. शिकलेल्यांत बसायला लागलीस, तुला माझी लाज वाटली." कोयता पुसत होत्या. "दिवाळीपासून बोलत नाय माझ्याशी. उठून माझ्या भावाकडं गेली राहायला."

मी म्हटलं, पुढच्या अंकात शुद्धिपत्र छापतो.

"आय वाचणाराय का ते?"

सगळा बाजार हसला असता तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर

वर्तमानपत्रातलं माझं सदर लिहायला बसलो. विषय – स्वतःचीच फजिती. तीन परिच्छेद झकास जमले. मग कळलं, यातही टाळ्या मलाच. फाडले.

१४ डिसेंबर, शनिवार

वर्ग रद्द. हस्तलिखित घेऊन मालूताईंच्या भावाच्या घरी, जिजाबाईंकडे गेलो. अंगणात सुकट निवडत होत्या. मालूताईंच्या अंकाचा संपादक, म्हणून ओळख दिली. "ते वाक्य मी काटलं. तिनं नाही. मला कळलंच नव्हतं."

"शिकलेले ना तुम्ही, मास्तर?"

"हो."

"मग?"

पान उघडलं. वाचायला लागलो. बोंबील दोरीवरून पडला तेव्हा त्यांचे हात थांबले. गोष्ट संपली. मी कागद गोळा करायला लागलो, तेव्हा सुपाकडे बघतच म्हणाल्या –

"तिला सांगा, उद्या जेवायला ये."

१५ डिसेंबर

निरोप पोचवला. मालूताईंनी टोपलीवर फडकं टाकलं आणि निघाल्या. रविवारचा बाजार अजून भरायचा होता.