खळ्याच्या जागी पाणी

मंगळवार, संध्याकाळ. यवतमाळ.

मामांच्या चपला काही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला आमचा नकाशा कितपत खरा, ते जागेवर जाऊन पडताळायचं हे माझं काम. कुठल्या जागा तपासायच्या ते संगणक ठरवतो. आज त्यानं राजूरजवळची एक काढली, नेमकं मामांचं जुनं शेत. ते कोळशाच्या खाणीत जाऊन वर्षं लोटली. नकाशा म्हणतो, तिथे पाणी आहे. पण चित्रात कोळशाचा ढीग आणि पाणी दोन्ही काळेच दिसतात, तिथे यंत्र बरेचदा फसतं. आजही फसलेलं असू दे, असं मला सारखं का वाटत होतं? ढीग असता तर त्याच्याखाली जमीन तरी असती.

वाट दाखवायला मामाच आले. बंद पडलेल्या खाणीच्या काठाशी पोचलो. खाली काळंहिरवं पाणी, पार पलीकडच्या काठापर्यंत. मामांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मामा, काटे हायेत इथं. चपला काहून काढल्या?"

"समोर खळं हाय ना बाई. खळ्यावर कोणी चपला घालून जाते काय?"

मी पाण्याकडे पाहिलं. फोनवर दोनच पर्याय होते, नकाशा बरोबर की चूक. मी 'बरोबर' दाबलं.

"झालं काय तुयं काम?" मामांनी विचारलं.

झालं, मी म्हणाले. मग खाली पाहिलं. मी बूट घालूनच उभी होते.