तेरेझाची सीट

२ डिसेंबर, सोमवार
आज बुलेटवरची ताडपत्री काढली. पप्पांची गाडी, १९६६ मॉडेल. एका किकमध्ये चालू झाली. (पाचव्या.) पुढची सीट, म्हणजे माझी, ठणठणीत. मागची, म्हणजे बायकोची, तेरेझाची, गेली. वरून रेक्झिन बरं दिसतं, पण खालचा पत्र्याचा बेस खाऱ्या हवेने खाल्लाय. अंगठा दाबला तर आरपार. बायको म्हणाली, "सात वर्सां ह्यांच सांगतंय." मला आठवत नाही.

निश्चय: २७ तारखेला लग्नाला तीस वर्षं होतात. तिची मैत्रीण सत्यवती हिने वालावलला जेवायला बोलावलंय. बुलेटवरून जायचं, तेरेझाला मागे बसवून. बेस मी स्वतः दुरुस्त करणार. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे एका दिवसाचं काम.

५ डिसेंबर
आधी अभ्यास. यूट्यूबवर एक इंग्लंडचा म्हातारा गंजलेला पत्रा कापून वेल्डिंग करतो. जुनी पद्धत. आपल्याकडे फायबरच्या होड्या समुद्रात चालतात, मग फायबर तुझं वजन घेणार नाही का, असं तेरेझालाच विचारलं. उत्तर दिलं नाही. सहमत असावी.

९ डिसेंबर
शेजारच्या भिकाजीकडून होडीच्या कामातलं उरलेलं रेझिन, हार्डनर आणि फायबरची मॅट आणली. दुसऱ्या एका व्हिडिओत गंज घासून काढायलाच अर्धा तास लावलाय. तेवढा भाग पुढे ढकलला. व्हिंटेज गाडीत ओरिजिनल जितकं ठेवता येईल तितकं ठेवावं.

१४ डिसेंबर, शनिवार
हार्डनर किती घालायचा ते डब्यावर छापलंय, पण चष्मा घरात आणि हात माखलेले. अंदाजाने घातला. मिश्रणातून धूर यायला लागला, आणि ब्रश उचलेपर्यंत सगळ्याचा दगड. ब्रशसुद्धा त्यातच.

संध्याकाळी तेरेझाने विचारलं, "माजो टोप खंय?" नाताळला दोदोल, म्हणजे नारळ-गुळाची मिठाई, करायचा टोप. बघतो म्हटलं.

१५ डिसेंबर
तिला टोप सापडला. यंदा दोदोल नाही. चर्चमध्ये ती पुढे बसली, मी मागे. मागून दिसतं चांगलं.

२० डिसेंबर
दुसरा प्रयत्न यशस्वी. मॅटचे तीन थर. एका बाजूला जाडी थोडी जास्त झाल्यामुळे सीट डावीकडे कलते. तेरेझाने पर्स उजव्या खांद्याला लावली की बॅलन्स होईल.

काम करताना माझी हाफपँट पायरीला चिकटली. पँट तिथेच ठेवून आत आलो. मुलगी शॅनन पुण्याहून सुट्टीला आलीय, तिने पायरीचा फोटो काढला. म्हणाली, "पप्पा, अशी सीट ऑनलाइन मिळते, मागवू?" म्हटलं, तुमच्या पिढीला पेशन्स नाही.

२४ डिसेंबर
बोल्टची मूळ भोकं फायबरखाली बुजली होती. नवीन पाडली. दोन बोल्ट बरोबर लागतात, दोन जवळपास.

टेस्ट घेतली. सीटवर तांदळाचं पोतं ठेवलं, गाडी अंगणात उभीच. काही झालं नाही. तेरेझाला बोलावून दाखवलं. म्हणाली, "पोत्याक लागणा नाय, माका लागतला." बायकांना टेक्निकल गोष्टी लगेच पटत नाहीत.

२७ डिसेंबर, सकाळी
निघतोय. तेरेझाने निळा नवीन ड्रेस घातलाय. छान दिसते. सांगायचं राहिलं, वाटेत सांगेन. तिच्या दोन्ही हातांत केकचा डबा, त्यामुळे मला धरता येत नाही. गरजही नाही.

२७ डिसेंबर, संध्याकाळी
खरं काय झालं ते लिहून ठेवतो, कारण उद्या मालवणात वेगळंच ऐकू येणार.

चौक्यापर्यंत प्रवास उत्तम. मी फायबरचे थर कसे दिले ते सांगत होतो. धामापूरला स्पीडब्रेकर आला. गाडी अगदी हळू केली, तरी मागे काहीतरी कट्‌ झालं. त्यानंतर गाडी एकदम हलकी पळायला लागली. तेरेझाला म्हटलं, कार्बोरेटर साफ केल्याचा फरक बघ.

नेरूरपारच्या पुलावर एक व्हॅन ओव्हरटेक करून गेली. आतल्या बायकांनी हात हलवले, मीही हलवला. म्हटलं, लोकांना अजून जुन्या गाडीची कदर आहे. मग ड्रेसचं सांगितलं. शिवाय हेही सांगितलं, की आपला संसार तीस वर्षं टिकला तो आपण एकमेकांशी बोलतो म्हणून. ती नाही म्हणाली नाही.

वालावलला सत्यवतीच्या अंगणात गाडी लावली आणि म्हटलं, उतर.

समोर ओट्यावर तेरेझा बसली होती. हातात सोलकढीचा पेला, शेजारी सीट.

स्पीडब्रेकरवर ती सीटसकट मागे घसरून बसल्या बसल्या रस्त्यावर उतरली होती. भजनाला निघालेल्या बायकांनी तिला व्हॅनमध्ये घेतलं. हात हलवणाऱ्यांत खिडकीशी तीच होती. केक व्हॅनमध्येच संपला. तिला कुठे लागलं नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणार होतो, त्याऐवजी सीट उलटी करून बघितली.

फायबर अखंड आहे, याची नोंद घ्यावी. फाटला तो खालचा पत्रा.

सत्यवतीचा मुलगा तेरेझाला कारने सोडून गेला. मी बुलेटवरून एकटाच आलो. वाटेत कोणाशी बोललो नाही.

२८ डिसेंबर
दिवसभर विचार केला. शेवटी तेरेझाला विचारलं, पडल्यावर मला हाक का नाही मारलीस.

म्हणाली, "तू बोलत होतंस."

नवीन वर्षापासून कमी बोलायचं ठरवलंय. का, किती आणि कसं, हे रात्री जेवताना तिला सविस्तर समजावून सांगितलं. पटतंय का विचारायला मान वर केली, तर ती ताट घेऊन कधीच उठून गेली होती.