छत बसलं की निघतो

३ मे

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. मोठी माणसं लिहितात.

समीक्षा प्रांजलला घेऊन वडूजला माहेरी गेली. एसटीने. भांडण वगैरे काही नाही. लेकीला सुट्टी लागली आणि हिला आईची आठवण झाली, एवढंच. जाताना म्हणाली, तुमची गाडी दोघांची हाय, आमी मायलेकी जातो एसटीनं, तुमी आन तुमचं छत बसा शेजारी शेजारी. याला कोणी भांडण म्हणणार नाही.

मुळात तिने छत काढलेली गाडी अजून पाहिलेली नाही. चौदा वर्षं कोइमतुरात गलाईच्या दुकानात भट्टीसमोर बसून लोकांचं सोनं वितळवलं ते कशासाठी? कधीतरी डोक्याला वारा लागावा म्हणून. चार खटके उघडले की अख्खं छत हातात येतं आणि वर सरळ आभाळ. सेकंडहँड असली तरी स्पोर्ट्स कार ती स्पोर्ट्स कार. समीक्षा एकदा शेजारी बसली की पाघळेल. प्रांजल मोठी झाली की तिची ती घेईल गाडी.

चार दिवसांत दोघींना आणायला जाणार. छत काढून.

५ मे

सराव म्हणून छत काढलं. जुन्या गोधडीत गुंडाळून गोठ्यामागे सावलीत ठेवलं. कवठे महांकाळपर्यंत उघडी गाडी नेऊन आणली. रस्त्यात सगळे वळून बघत होते. दोघांनी थांबवून विचारलं, छत चोरीला गेलं का. एकाने पोलीस पाटलाचा नंबर दिला. गावात अजून खूप प्रबोधन व्हायला हवं.

गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला खाली घासते. स्पीडब्रेकर बेकायदेशीर आहेत. तक्रार करणार.

७ मे, सकाळी

छत जागेवर नाही. गोधडी आहे.

७ मे, दुपारी

छत सापडलं. आप्पांनी ते मेंढरांत नेऊन उलटं ठेवलं होतं आणि काठोकाठ पाणी भरलं होतं. कोकरं ओळीने उभी राहून पीत होती. आप्पा खूश. म्हणाले, किती दिस झालं तुला म्हणतूय पाणी पाजायला एक डोण आण, आणलीस एकदाची, वजनाला हालकी हाय, पाणीबी गार ऱ्हातंय, लय झ्याक काम केलंस.

वडील आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर खूश झाले होते. त्यामुळे खरं काय ते सांगायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात एडका आला. त्याला चकचकीत काळ्या काठात दुसरा एडका दिसला. मागे सरला आणि धावत येऊन टक्कर दिली. मधोमध तडा गेला.

आप्पांनी तड्यात बोट घालून पाहिलं. म्हणाले, माल पोकळ हाय रं, दुकानदाराला परत दे.

अडाणी असले तरी मुद्दा पटला. मालच कच्चा आहे. शिंगाने फुटतं ते कसलं छत? वॉरंटीत बसवून घेणार. सेकंडहँड गाडी असली तरी वॉरंटी शिल्लक आहे, हे मी घेतानाच बघून ठेवलं होतं. दूरदृष्टी.

समीक्षाला फोन केला. गाडीचं थोडं काम निघालंय, छत बसलं की निघतो म्हणालो. ती म्हणाली, तशीच आणा की, न्हाईतर तुमीबी एसटीनं या. बोडक्या गाडीने सासुरवाडीत जायचं? छत काढणं वेगळं, छत नसणं वेगळं. आणि एसटीनेच जायचं तर गाडी घेतली कशाला? बायकांना या गोष्टी कळत नाहीत. वाद घातला नाही.

९ मे, सांगली

शोरूम एकदम गार. राहील नावाचा सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, दर वाक्याला सर म्हणतो. कसं फुटलं म्हणून विचारलं. आपोआप, म्हणालो. उन्हाने. गाडी उभी असताना.

त्याने पॅनल उलटं करून निरखून पाहिलं. हाताचा वास घेतला. मग हळूच विचारलं, सर, घरी जनावरं आहेत का? मी म्हणालो, आमचं घराणं प्रतिष्ठित आहे. तो म्हणाला, व्हय सर, पण खटक्यात लोकर अडकलीय. मी म्हणालो, ते कंपनीचं इन्सुलेशन असणार. त्याने तेही जसंच्या तसं लिहून घेतलं आणि सगळं मुंबईला पाठवलं. पोरगा पूर्णपणे माझ्या बाजूचा आहे.

आठवडा लागेल म्हणाला. म्हणजे चार दिवस धरू.

११ मे

ऊन मरणाचं. गाडीला तात्पुरतं छत हवंच. माझ्या वाढदिवसाचा फ्लेक्स घरी पडून होता, मित्रमंडळाने फाट्यावर लावलेला. खाली ‘आमचे मार्गदर्शक मल्हारशेठ’ आणि वर गॉगल घातलेला मी. गावात सगळे फ्लेक्स शेवटी वैरणीवरच जातात. माझा निदान स्पोर्ट्स कारवर गेला. सुतळीने आवळून बांधला.

गाडीचा काटा चाळीसच्या पुढे गेला की वारा आत शिरतो आणि फ्लेक्स फुगतो. म्हणजे माझा चेहरा फुगून वर येतो. समोरून येणारी माणसं बाजूला होतात. काही जण हात जोडतात. माझी अंत्ययात्रा आहे असं एका आजींना वाटलं म्हणे. त्यांनी टाकलेली फुलं मात्र चांगली होती.

१८ मे

कंपनीने वॉरंटी नाकारली. फोटोसकट. राहीलने ईमेल हळू आवाजात वाचून दाखवला. काठावर जनावराच्या दातांच्या खुणा, मध्ये शिंगाचा मार, आतल्या फटीत लेंड्या. मग विचारलं, सर, पाणी देऊ का?

मी स्पष्ट सांगितलं, भारतीय परिस्थितीचा कंपनीचा अभ्यास नाही. तो म्हणाला, खरंय सर. नवीन पॅनल मागवलं. दोन आठवडे.

संध्याकाळी समीक्षाला फोन. कवा येताय म्हणाली. छत बसलं की निघतो म्हणालो. तर म्हणते, मग छतालाच इचारून सांगा. विनोदबुद्धी शाबूत आहे. म्हणजे राग नाही.

२४ मे

मेव्हण्याचा, धनाजीचा फोन आला. दाजी, ताई काल हितल्या शाळंत जाऊन आली, प्रांजलचं नाव घालायला काय काय लागतंय इचारत हुती, तुमाला म्हायती हाय न्हवं?

मी त्याला समजावलं की समीक्षाला शिक्षणाची पहिल्यापासून आवड आहे, सहज चौकशी केली असेल. त्याने बरं म्हणून फोन ठेवला.

गाडी धुतली. पुन्हा धुतली. जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

भाकरी सध्या आप्पाच थापतात. आज ताटात वाढताना म्हणाले, जा आन घिऊन यी तिला, माझ्या हातची भाकर आता मलाच गिळंना. प्रांजलची चप्पल दारात आहे, त्यांनी ती उचलून झटकली आणि परत तिथेच ठेवली. मला घरात फार भकास वाटतं. मला दोघींशिवाय राहता येत नाही. हे वाक्य कोणाला दाखवण्यासाठी नाही.

उद्या सकाळीच निघणार. छत असो वा नसो. फायनल.

२५ मे

गेलो नाही. निघता निघता राहीलचा मेसेज आला, पॅनल मुंबईत पोहोचलंय. आता थोडक्यासाठी घाई करून सगळा प्रभाव कशाला घालवायचा? एकदाच जायचं, पण असं जायचं की वडूजने नाव काढलं पाहिजे.

३ जून, सांगली

पॅनल आलं. पांढरं आलं. माझी गाडी लाल, छत काळं.

राहील म्हणाला, सर, कलर कोडमध्ये एक आकडा चुकला. कोड मीच फोनवर सांगितला होता, पण त्यांनी समजून घ्यायला हवं होतं. बसवून पाहिलं. गाडी निवडणुकीला उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. काळा रंग मारून द्यायला सांगितला. पाच-सहा दिवस लागतील. गाडी तिथेच ठेवली.

निघताना राहील संकोचत म्हणाला, सर, मॅडमना आणायला जायचंय म्हणताय म्हयनाभर, तर माझी टू-व्हीलर न्या की, मी जाईन चालत. मी हसलो. चांगला पोरगा आहे, पण स्टेटसची जाण नाही.

९ जून, सांगली

छत बसलं. चारही खटके कट्‌कट् लागले. डोळ्यात पाणी आलं. एसीमुळे असेल.

मी हार, नारळ, पेढे आणि मोठी किल्ली घेऊन फोटो, हे सगळं मागितलं. राहील म्हणाला, सर, ते नव्या गाडीला असतंय. मी म्हणालो, छत नवीन आहे ना? त्याने मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरने छताकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी येऊन टाळ्या वाजवल्या. पेढे मलाच आणावे लागले.

फोटो समीक्षाला पाठवला. दोन्ही टिका निळ्या झाल्या. उत्तर नाही. वडूजला नेटचा प्रॉब्लेम असतो.

उद्या निघणार. मनात पूर्ण सीन तयार आहे. उघडी गाडी, समीक्षा शेजारी, पदर वाऱ्यावर.

१० जून, विटा स्टँड, संध्याकाळी

गाडी धुऊन दुपारी निघालो. मायणी ओलांडल्यावर ठरल्याप्रमाणे थांबून छत काढलं. काढलेलं छत मागच्या डिकीत ठेवतात. ठेवलं. डिकी भरली. मग लक्षात आलं की आता समीक्षाची पिशवी ठेवायला जागा नाही. छत परत लावलं. म्हणजे सासुरवाडीत बंद गाडीनेच शिरलो.

तरी गल्ली जमली. माझ्या सासूबाई भामाबाई गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालून आल्या आणि म्हणाल्या, पावणं, मागची सीट दुरुस्तीला दिलीया का? मी त्यांना स्पोर्ट्स कार ही संकल्पना समजावत होतो तेवढ्यात समीक्षा बाहेर आली. हातात पिशवी, शेजारी वेण्या घातलेली प्रांजल. मला केवढा आनंद झाला. माझा प्रभाव पडला होता.

तसं नव्हतं. सोमवारी शाळा सुरू होते म्हणून त्या दोघी चारच्या एसटीने आपल्या घरी यायला निघाल्याच होत्या. मी येणार हे तिला माहीत नव्हतं. फोटो पाहून तिला वाटलं, मी नवी गाडी घेतली.

तिने विचारलं, आमाला न्यायला आलाय का छत दावायला? मी खरं ते सांगितलं. छत बसलं म्हणून न्यायला आलो. ती म्हणाली, आन बसलं नसतं तर?

प्रश्न साधा होता. मी काचेवरची धूळ पुसली.

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ती रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी सुचलं असतं. प्रांजलला म्हणालो, चल बाळा, तू पुढं बस, आई येईल मागनं एसटीनं. प्रांजल म्हणाली, पप्पा, मी आईसंगं. आणि दोघी स्टँडकडे चालू लागल्या. मी पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे.

एसटी भरून आली होती. समीक्षाने गाडीच्या काचेवर टकटक केली. मी लगेच दार उघडलं. तिने पिशवी सीटवर ठेवली, म्हणाली, मदी ज्वारीचं पीठ हाय, सांडू नका, आणि बसमध्ये चढली.

वडूजपासून एसटीच्या मागे आहे. ती फाट्याफाट्याला थांबते, मग मीही थांबतो. ओव्हरटेक करता आलं असतं, केलं नाही. आम्हाला एका ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं. मागच्या काचेतून प्रांजल हात करते. समीक्षा करत नाही, पण प्रांजलला करू देते.

इथे बस जरा थांबली आहे म्हणून लिहितोय. मघाशी कंडक्टर येऊन सांगून गेला, बाई म्हणत्यात आता तुमी पुढं व्हा, आमी येतो. मी म्हणालो, नको, मी मागनंच येतो. घरापर्यंत.

पिशवी सीटवर ठेवल्यापासून गाडी सारखी टूं टूं ओरडत होती. सीटवर वजन आहे आणि बेल्ट लावलेला नाही, असं तिचं म्हणणं. मायणीपर्यंत ऐकून घेतलं. मग कडेला थांबून पिठाच्या पिशवीला बेल्ट लावला. आता गाडीत अगदी शांत आहे.