पहिली मूठ

नाशिक रोड,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. मालिनीताईस,
धाकट्या बहिणीचा, सुवर्णाचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोनवर तू नुसती हं-हं करतेस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्याबरोबर असलेल्या पल्लवीच्या मोबाइलवर पाठवते आहे. तिला सांग, तुला द्यायच्या आधी स्वतः वाचू नकोस. इगतपुरीच्या पुढं कधी एकटी न गेलेली आमची ताई चर्चच्या मंडळींबरोबर मलावीला जाऊन बायकांना शिवणकाम शिकवते आहे, हे सगळ्या कॉलनीला सांगून झालं. फेब्रुवारीत दाजी गेल्यापासून तू दाराबाहेर पडत नव्हतीस. म्हणून जास्तच बरं वाटतं.

तेजश्रीच्या लग्नाची गडबड सुरू आहे. अठ्ठावीस डिसेंबरला चर्चमध्ये लग्न, आदल्या दिवशी घरी हळद. पहिली हळद मावशीच लावणार, हे आपल्या पोरीनं लहानपणीच ठरवलेलं. पण परवा नवऱ्या मुलाच्या, सुयशच्या, धोंडाबाई आत्या येऊन गेल्या. चहा पिता पिता म्हणाल्या की पहिली हळद सवाष्णीचीच बरी, पोरांच्या संसाराला उगाच काही नको. मी म्हटलं, आपण ख्रिस्ती माणसं, आपल्यात हे कुठून आलं? त्यावर त्यांचं उत्तर असं, की चर्च चर्चच्या जागी आन् हळद हळदीच्या जागी. मालक गेल्यापासून त्या स्वतःही मागंच बसतात, काय बिघडलं?

ताई, मला भांडण नको आहे. तू मागं बसशील का? तेजश्रीला अजून काही बोललेले नाही.

तब्येत सांभाळ. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
सुवर्णा


देड्झा, मलावी,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी मागं बसेन. त्यात रागावण्यासारखं काही नाही. तेजश्रीला मीच समजावीन.

शिवणवर्गातल्या ग्रेस नावाच्या मुलीनं आम्हाला तिच्या शेतावरच्या घरी आणलं आहे. चार दिवस इथंच आहोत. लाल माती, आणि डोंगराच्या पायथ्यापर्यंत वरंबेच वरंबे. बैल नाही, ट्रॅक्टर नाही. सगळे वरंबे घरच्या माणसांनी कुदळीनं ओढले आहेत. मी बराच वेळ नुसती बघत उभी राहिले. पल्लवी चिडवते की मालिनीताई शेत बघायला आल्या की मोजायला.

जेवायच्या आधी ग्रेसनं गुडघे टेकून आमच्या हातांवर पाणी घातलं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड होती आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली भोपळ्याच्या पाल्याची भाजी. ह्यांना आवडली असती. मग सगळ्या घरानं उभं राहून प्रार्थनेचं गीत म्हटलं. पेटी नाही, पुस्तक नाही, चार वेगळे सूर, आणि चुलीपाशी बसलेली आजीसुद्धा त्यात. मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर रडू आलं असतं.

सगळ्यांना सलाम. जेवणं वेळेवर करा.
तुझी,
ताई


देड्झा,
१ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुवर्णास,
आशीर्वाद.

लगेच दुसरं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मी बरी आहे.

काल इथं मक्याची पेरणी झाली. घरातली लहानमोठी सगळी माणसं कुदळी घेऊन शेताच्या कडेला उभी होती, पण कोणी सुरुवात करेना. मग आजी सुपात बी घेऊन आली आणि तिनं मला बोलावलं. ग्रेस म्हणाली की पहिली मूठ तुम्ही टाकायची.

मी मागं सरकले. मोडक्या इंग्रजीत ग्रेसला सांगितलं की माझे यजमान याच वर्षी गेले, माझा हात नको. पल्लवीला बोलवा, तिचा नवरा आहे. मला वाटलं, त्यांना बरंच वाटेल की वेळेवर सांगितलं.

ग्रेसनं ते आजीला सांगितलं. आजीनं माझ्याकडे बघून त्यांचं नाव विचारलं. सुवर्णा, मी त्यांचं नाव घेतलं. प्रफुल्ल. आजीनंही ते तिच्या बोलीत वळवून म्हटलं. मग शेताच्या टोकाची झाडं दाखवली. तिथं तिचा नवरा आणि दोन मुलगे पुरलेले आहेत. ती म्हणाली की या घरात पहिलं बी नेहमी तीच टाकते, कारण ज्या बाईनं आपलं माणूस मातीत ठेवलं, तिला मातीत काही कसं ठेवायचं ते कळतं. यंदा अशा दोघी आहेत, तर दोघींनी मिळून टाकू. आणि आता रडायचं असेल तर चालता चालता रड, ऊन वाढतंय, असंही म्हणाली.

तिनं माझी मूठ भरली. आम्ही दोघी एकेका खड्ड्यात दाणे टाकून पायानं माती ओढत गेलो. बायका जीभ हलवत आनंदाचे लांब हेल काढत होत्या. वरंबा संपेपर्यंत एकही माणूस आमच्या पुढं गेलं नाही. मी वळून पाहिलं तर सगळं घर माझ्या मागं होतं. एवढं मोठं काही मी पाहिलेलं नाही. मला नीट लिहिता येत नाही.

मी मागं बसेन असं लिहिलं होतं, ते खोड. तेजश्रीला पहिली हळद मी लावेन. आत्यांना चालणार नसेल तर हळदीला मी घरी थांबेन आणि लग्नाला चर्चमध्ये येईन. मला भांडायचं नाही. पण मागं बसणार नाही.

तुम्हा सगळ्यांवर प्रभूचा हात असो.
तुझी,
ताई


नाशिक रोड,
४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सुवर्णाचा सलाम. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं तेजश्रीच्या हाती लागली. मावशी नसेल तर हळदच नको म्हणाली, आणि कालपर्यंत माझ्याशी धड बोलत नव्हती. माझंच चुकलं. विचारायलाच नको होतं.

काल आत्यांना फोन केला. सरळ तुझं पत्रच वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, ती म्हातारी खरंच सगळ्यांच्या पुढं चालली का? मी हो म्हटलं. घरातलं कोणी कायबी बोललं नाय? मी नाही म्हटलं.

शेवटी म्हणाल्या की तुमच्या ताईंना लावू द्या पहिली. आणि मग, अगदी हळू आवाजात, की त्यांच्यानंतर मी लावली तर चालंल का? मी म्हटलं, चालेल काय, लावायचीच. तर लगेच म्हणाल्या, मग सुरुवात पायापासून करत्यात का हातापासून, ते तेवढं सांगून ठेवा. इतकी वर्षं मागून नीट दिसलंच नाय.

वाट बघतो आहोत. लवकर ये, आणि आमच्यावर जीव आहे तेवढा असू दे.
तुझीच,
सुवर्णा