अर्धा कप गार कॉफी

विलो ओढा, विस्कॉन्सिन
३ जून १९९६

ती. वर्डेलताईस,
सा. न. वि. वि. गुडघ्यांनी वाकू दिलं तेवढंच वाकून.

तुझ्या ॲरिझोनात म्हणे आत्ताच अंड्याचं ऑम्लेट अंगणात होतंय. इकडे मका घोट्याएवढा झालाय आणि ओढ्याकाठच्या विलोच्या झाडांनी पुन्हा केस मोकळे सोडलेत. तू म्हणशील, झाला हा सुरू. बरं, कामाचं लिहितो.

आपल्या जुन्या शाळेच्या पोरांचा मेळावा एकवीस जुलैला आहे. लॅव्हर्न घरी येऊन गेला. आपला लॅव्हर्न, दुसऱ्या बाकावर बसून नाक ओढायचा तो. आता मेळाव्याचा प्रमुख झालाय, म्हणून नाक जरा वर असतं. त्यानं स्पष्ट सांगितलं की यंदा तीस माणसं जेवायला बसली नाहीत तर मेळावा बंद, आणि शाळेची घंटा उतरवून तालुक्याच्या संग्रहालयात द्यायची. मागच्या वर्षी, इर्माला जाऊन चारच महिने झाले होते तेव्हा, त्यानं दुकानातून गार सँडविच आणवली. अठरा माणसं आली आणि अर्ध्या तासात गाड्या सुरू करून गेली. तो म्हणतो, शाळेसाठी कोण येत होतं रे, सगळी तुझ्या बायकोच्या बीफसाठी यायची.

मला राग आला. मग वाटलं, खरंच बोलला. मी सांगून टाकलं की यंदा गरम बीफचे छोटे पाव मी करणार, इर्मा करायची तसेच, सोबत बुडवायला रस. तिचे दोन्ही रोस्टर, बीफ भाजायची ती विजेची मोठी भांडी, तळघरातून वर आणलेत. यादी केली, सोबत पाठवतोय, साठ नावं निघाली. माणशी तीन पाव, म्हणजे एकशे ऐंशी. बारा-बारांच्या पंधरा लाद्या.

तुझं नाव सगळ्यात वर आहे. नाही म्हणू नकोस.

जिव्हाळा आहेच, तो तिकडच्या उन्हात वाळू देऊ नये, एवढं मागणं.
तुझा, ऑर्लिन


मेसा, ॲरिझोना
१४ जून १९९६

चि. ऑर्लिन यास अ. उ. आ.

अक्षर मोठं काढते आहे, डोळ्यांचं दुखणं आहे, अंगातली मिजास समजू नकोस.

यादी वाचली. वेड्या, त्यातली चौदा माणसं मातीत आहेत. क्लॅरेन्सच्या शवपेटीला तर तू स्वतः खांदा दिलास, आणि त्याच्यापुढे लिहितोस की त्याला कांदा चालत नाही! उरलेल्यांतले निम्मे वृद्धाश्रमात आहेत, त्यांना शिंक यायलाही नर्सची परवानगी लागते. तिसांची आशा धरू नकोस रे. आणि मला मोजू नकोस. कंबरेच्या हाडाला डॉक्टरांनी प्रवास नको सांगितलाय.

हाड हे निम्मं कारण झालं. बाकीचं निम्मं तुला ठाऊक आहे. इर्मा नसलेल्या त्या घरात मी अजून पाऊल टाकलेलं नाही. दारातून आत आले आणि तिनं नळाखालून हात न काढता, आलात का एकदाच्या, असं विचारलं नाही, तर मी उभं कुठे राहायचं ते सांग.

पण करायचंच असेल तर नीट कर. बीफ आदल्या दिवशी भाज, रात्रभर फ्रिजमध्ये ठेव, मगच काप. गरम कापलंस तर भुगा होईल. पाव सुटे करायचे नाहीत. अख्ख्या लादीला आडवी सुरी घालायची, खालच्या भागावर बीफ आणि चीज, वर झाकण, आणि झाकणावर कांद्याचं लोणी फासायचं. आधी एकदा घरी करून बघ.

औषधं घेतोस ना? आशीर्वाद नेहमीचेच, काळजी मात्र रोज ताजी.
ताई


विलो ओढा
२४ जून १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

करून बघितलं. एक लादी केली.

तुझं पत्र समोर उघडं ठेवलं होतं, तरी बीफ गरमच कापलं. वास आला आणि धीर निघाला नाही. भुगा झाला. पण खरी फजिती रसाची. बीफचं सुटलेलं पाणी घेतलं, कांदा परतून घातला, मिरी, तमालपत्र, सगळं इर्माच्या वहीत आहे तसं. चव काय, तर खारट पाणी! वहीत शेवटी तिनं फक्त ‘आणि ते’ असं लिहून ठेवलंय. ते म्हणजे काय? मी कपाटातल्या साऱ्या बाटल्या हुंगून पाहिल्या.

बारा पाव चार दिवस मी एकट्यानं खाल्ले. पहिल्या दिवशी टेबलावर दोन ताटल्या मांडल्या गेल्या. दुसरी तशीच राहू दिली, उचलायला जाऊन काय करायचं होतं?

घरात आवाजच नाही, ताई. पूर्वी सकाळी कॉफी घेऊन बसलो की हॅल्व्हरसनबाईंनी शाळेत पाठ करून घेतलेली ती गिरणीच्या तळ्याची कविता आपोआप ओठांवर यायची, चोवीसच्या चोवीस कडवी. इर्मा भांडी घासत ऐकायची. ऐकते की नाही कोण जाणे, असं मला वाटायचं. पण एकोणिसाव्या कडव्याला मी हमखास अडायचो आणि ती पाठ न वळवता पुढची ओळ फेकायची. ती गेल्यापासून मी कविता म्हटलेली नाही. कॉफी करतो, ती शेवटच्या थेंबापर्यंत पितो आणि उठतो. तीन मिनिटांत सकाळ संपते.

रसात काय असायचं, तुला माहीत असेल तर कळव. बीफ चाखून लॅव्हर्नच्या तोंडावर काही उमटलं नाही, तर घंटा गेली म्हणून समज.

माया आहे ती राहू दे. उत्तर मात्र लवकर पाठव.
ऑर्लिन


मेसा
३ जुलै १९९६

चि. ऑर्लिन यास अ. उ. आ.

माहीत आहे. आणि मी शपथ मोडते आहे, इर्मा मला वर गेल्यावर फैलावर घेईल.

माझे यजमान गेले त्या वर्षी मी महिनाभर तुमच्याकडे राहिले होते, आठवतं? तेव्हा पाहिलं. तू सकाळी कविता म्हणत बसायचास आणि मग त्याच तंद्रीत गोठ्याकडे निघून जायचास. मागे कप अर्धा भरलेला, गार. मी तो मोरीत ओतायला गेले तर इर्मानं माझं मनगटच धरलं. म्हणाली की ताई, ते टाकायचं नाही, ते रसात जातं. कडवटपणा लागतो थोडा, त्याशिवाय रस उभा राहत नाही. मी म्हटलं, मग ताजी काळी कॉफी घाल की. तर म्हणाली, करून बघितली, ती चव येत नाही. आणि मला बजावलं की याला सांगू नका, कळलं तर मुद्दाम उरवायला लागेल आणि वर त्याच्यावर कविता करेल.

तर बाबा, त्रेचाळीस वर्षं साऱ्या पंचक्रोशीनं तुझी उष्टी कॉफी चाटूनपुसून खाल्ली आहे.

आणि ऐकते की नाही कोण जाणे, असं पुन्हा लिहू नकोस. कप किती उरला यावरून तिला कळायचं, तू कितव्या कडव्यावर आहेस ते.

शेगडीशी जपून. आशीर्वाद.
ताई


विलो ओढा
२२ जुलै १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल मेळावा झाला.

तुझं पत्र आल्यावर तीन सकाळी मी मुद्दाम अर्धा कप ठेवून बघितला. नुसताच समोर बसून राहिलो, तो गार व्हायची वाट बघत. इर्मा बरोबर म्हणाली होती, रसाला काही ती चव आली नाही. काल पहाटे लाद्या भरून झाल्या, लोणी फासून झालं, आणि मी टेकलो. खिडकीबाहेर मक्यावर धुकं उतरलेलं. कशी कोण जाणे, पहिली ओळ तोंडातून निघून गेली. सोळा महिन्यांनी. मग थांबता येईना. मोकळ्या स्वयंपाकघरात मी मोठमोठ्यानं म्हणत होतो, आणि एकोणिसाव्याला अडलो. सवयीनं थांबलो. नळाकडून काहीच आलं नाही. तसाच बसलो होतो, किती वेळ ते ठाऊक नाही. कपाला हात लावला तर गार पडलेला.

ती कॉफी रसात ओतली. वेगळं चाखून बघायचं धाडस झालं नाही.

शाळेत मी एकाच भिंतीतल्या प्लगांना दोन्ही रोस्टर आणि कॉफीचं पिंप लावलं. एका भिंतीला एकच रोस्टर, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. फाटकन फ्यूज उडाला. सगळे कोट टांगायच्या अंधाऱ्या खोलीत फ्यूज शोधायला शिरले, एकमेकांच्या पायांवर पाय पडले, आणि लॅव्हर्न ओरडला की ऑर्लिन्या, इर्मा असती तर तुला कानाला धरून बाहेर काढला असता. खूप हसलो, ताई. कितीतरी दिवसांनी.

सतरा माणसं आली. मला धरून.

लॅव्हर्ननं पाव रसात बुडवून पहिला घास घेतला आणि चावायचा थांबला. मान वळवून आतल्या दाराकडे बघत राहिला, कोणी ट्रे घेऊन बाहेर येणार असल्यासारखा.  मग वाटी तीनदा भरून घेतली. कोणी गाडीकडे गेलं नाही. तीन तास सगळे बसून होते, रिकाम्या खुर्च्याही तशाच मांडलेल्या होत्या, त्या काढू या असं एकानंही म्हटलं नाही.

मग मेळावा बंद करायच्या ठरावावर हात वर करायची वेळ आली. ठरलं म्हणजे ठरलं, सतरा म्हणजे काही तीस नव्हेत. पण लॅव्हर्नचा स्वतःचाच हात वर जाईना. तो पावांवरून टेबलावर पडलेल्या तिळांशी खेळत बसला. शेवटी मीच पहिला हात वर केला. घंटा ऑगस्टमध्ये उतरवतील.

दहा लाद्या उरल्या. प्रत्येकाच्या हातात थोडे-थोडे पाव दिले. एक लादी बर्फात ठेवली आहे, वर तुझं नाव लिहून. रसाचीही एक बाटली आहे.

आज सकाळी पुन्हा म्हणून पाहिली. एकोणिसाव्यापाशी पुन्हा तेच. ती ओळ मी कधी पाठच केली नव्हती, ताई. गरजच पडली नाही.

तुझी माया आहे म्हणून लिहितो तरी.
ऑर्लिन


मेसा
३० जुलै १९९६

चि. ऑर्लिन यास अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. शेजारीण दार ठोठावून विचारून गेली की कोण आलंय.

हॅल्व्हरसनबाईंनी मलाही ती कविता पाठ करायला लावली होती, तुझ्या आधी चार वर्षं. ती ओळ मला येते. पत्रात मात्र लिहिणार नाही.

डॉक्टरांशी भांडले. काठी घेऊन जा म्हणाले. सप्टेंबरच्या पाच तारखेचं बसचं तिकीट काढलं आहे. मी नळापाशी उभी राहीन. तू अडलास की सांगते.

लादी बर्फातच असू दे. कॉफी संपवू नकोस.
ताई