रविवारचे खांब

५ जुलै, शनिवार

ताई,

नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. तू आणि भावजी बरे असाल. भावजींचा गुडघा कसा आहे? पत्र लिहायला कारण असं की, कारण पुढे येईलच. आधी गंमत सांगते.

मी कॉम्प्युटर शिकतेय. हसू नकोस. सातवीत शाळा सुटलेली मी, आणि रोज संध्याकाळी सहा ते सात वाचनालयाच्या मागच्या खोलीत माऊस धरून बसते. कारखान्यातून सुटले की तशीच जाते. ओढणीला कापडाचे दोरे चिकटलेले असतात. मॅडम म्हणतात, "आधी खुर्ची झाडा, मग बसा."

क्लासमध्ये स्लाइड करायला शिकवतात. म्हणजे पडद्यावर एक कोरं पान. त्यावर टेबल काढायचं, किती रांगा, किती रकाने ते सांगायचं, की आपोआप घरं पडतात. मग चार्ट. त्यात आकडे भरले की खांब उभे राहतात. मोठा आकडा, उंच खांब. मला हे फार आवडलं. बोलावं लागत नाही, खांबच बोलतो.

पहिल्या दिवशी फजिती झाली. चार्ट घातला तर खाली छोटा तक्ता उघडला. त्यात मी माझे आकडे भरले, आणि पडद्यावर तीन रंगांचे खांब, नको तिथे उंच. माझा घामच निघाला. मला वाटलं हे सगळे खांब माझ्या ठकीचेच. मॅडम आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हे आकडे तुमचे नाहीत, कॉम्प्युटरचे आहेत. नमुना म्हणून तो आधीच भरून ठेवतो. आधी त्याचं सामान बाहेर काढा, मग आपला संसार मांडा." सगळे हसले. मीही हसले, आणि एकेक नमुन्याचा आकडा पुसत गेले.

मॅडमनी सांगितलं होतं, सरावाला घरचे कुठलेही आकडे घ्या. शेजारी ड्रायव्हरकाका बसतात, त्यांनी गाडीला लागलेलं पेट्रोल घेतलं. मी वर नाव टाकलं, "ठकीच्या खोड्या". खाली सोमवार ते रविवार.

ठकी बरी आहे. चौथं लागलं. तुझी आठवण काढते.

कुकर लावायचाय. बाकीचं उद्या.

६ जुलै, रविवार

कालचं वाचून बघितलं. खरं काहीच लिहिलेलं नाही. आता लिहिते.

त्या खोड्या नाहीत. ठकी थांबते. खेळताना, जेवताना, बोलताना मधेच थांबते. डोळे एकीकडे, पापण्या फडफडतात, हातातलं हातात राहतं. हाक मारली तरी ओ देत नाही. दहा मोजेपर्यंत परत येते आणि जिथे सोडलं तिथून पुढे बोलायला लागते, जसं काही झालंच नाही. मागच्या महिन्यात जिन्यात थांबली. मी मागे होते म्हणून धरली.

मग मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, दिवसातून किती वेळा? माझं तोंड उघडेना. तुला माहीत आहे मी कशी आहे, टेबलापलीकडे कोणी बसलं की माझी वाचा जाते. हे म्हणाले, "होतं कधीतरी." डॉक्टर म्हणाले, "कधीतरी म्हणजे किती? महिनाभर मोजून, लिहून आणा. त्यावरून पुढचं ठरवू." बाहेर मोठी रांग. आम्ही दोन मिनिटांत बाहेर.

तेव्हाच ठरवलं. मला बोलता येत नाही ना, मग कागद बोलेल. एकच पान, बघितल्याबरोबर कळेल असं. वाचनालयावर पाटी होती, आत गेले आणि नाव घातलं. हे म्हणाले, "वहीत लिही की. तू आई आहेस की हवालदार?" पण ताई, वहीतलं माझं गिचमिड मलाच लागत नाही, डॉक्टरांना काय लागणार.

मग खांब उभे राहिले. सोमवार काही नाही, मंगळवार काही नाही, असं शनिवारपर्यंत सपाट. आणि रविवारी अकरा. दुसऱ्या आठवड्यात तेच. रविवारी तेरा. ड्रायव्हरकाका माझ्या पडद्यात डोकावून म्हणाले, "पोर मोठी हुशार दिसते. आठवडाभर गुणी आणि सुट्टीच्या दिवशी खोड्या!"

मी हसायला गेले आणि पुन्हा खांबांकडे बघितलं. रविवारी मी घरी असते. बाकीचे दिवस ती सासूबाईंपाशी असते, आणि त्या रोज म्हणायच्या, "काही नाही झालं." म्हणून मी शून्य टाकत होते. ते शून्य नव्हतंच. कोणी बघितलंच नव्हतं. हाच कागद नेला असता तर डॉक्टर म्हणाले असते, आठवड्यातून एक दिवस, विशेष काही नाही. आणि माझी पोर पुन्हा जिन्यात.

सगळी शून्यं पुसली. ती घरं रिकामी ठेवली. तसाच कागद छापून घेतला आणि सासूबाईंपुढे धरला. भीती वाटत होती, पण धरला.

"हे सहा दिवस रिकामे आहेत, आई. म्हणजे घरात कोणी बघत नाही असं दिसतं."

"मी बघत नाही असं कागदावर लिहिलंस? छापून आणलंस?"

"तसं नाही हो..."

"मी काय आंधळी आहे? जरा विचारात पडते पोर. बापावर गेलीये. तोही असाच बघत बसायचा."

त्या रात्री भाजी वाढली, पण वाटी आपटून. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर ओट्यावर पावडरचा रिकामा डबा, आणि त्यात शर्टाची बटणं. त्यांना लिहिता येत नाही ना. ठकी थांबली की एक बटण. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नऊ आहेत. एक धरलं नाही, मला वाटलं शिंक येतेय." मग जरा थांबून म्हणाल्या, "धर. दहा धर."

त्या दिवसापासून रोज डबा ओतून मोजते. नऊ, बारा, दहा, चौदा. सोमवारचाही खांब उभा राहिला, मंगळवारचाही. चांगलं काहीच नाही त्यात, तरी मला बळ आलं. निदान आता खरं आहे ते दिसतंय. वरचं नावसुद्धा बदललं. "खोड्या" खोडून लिहिलं, "ठकी दिवसातून किती वेळा थांबली". टाइप करताना दोनदा चुकलं. काका बाजूलाच होते, त्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची आधीच झाडून ठेवली होती.

आता ते लिहिते जे लिहायचं नव्हतं.

ताई, हे सगळ्यात आधी तू पाहिलंस. जानेवारीत आली होतीस तेव्हा. ठकीच्या हातात बिस्किट होतं आणि ती थांबली. तू म्हणालीस, "ही मधेच कुठे जाते गं? दाखव कोणाला तरी." आणि मी म्हणाले, तुला स्वतःचं मूल नाही, म्हणून माझ्या पोरीत खोट दिसते.

मला तेव्हाही दिसलं होतं. तुझ्या आधी दिसलं होतं. तू बोललीस आणि ते खरं झालं, म्हणून मी तुझ्यावर धावले. तू चहा अर्धा ठेवून उठलीस. मी अडवलं नाही. पाच महिने गेले, आणि ते पाच महिने कुठल्याच टेबलात नाहीत. त्यातले माझे किती, ते मला माहीत आहे.

फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. उचलला असतास तरी मला एवढं बोलता आलं नसतं.

चार्टच्या वर टेबल केलंय. चार रकाने. तारीख, किती वेळा, किती वेळ, कोणी पाहिलं. शेवटच्या रकान्यात कुठे आई, कुठे आजी. मॅडम म्हणाल्या, जिथून सुरू झालं ती तारीख पहिल्या ओळीत हवी, नाहीतर डॉक्टरांना कसं कळणार. मी वर एक रांग वाढवली. उजव्या बटणाने वाढते. तिच्यात लिहिलं, १९ जानेवारी. एकदा. दहा मोजेपर्यंत. आणि कोणी पाहिलं तिथे, मावशी.

हे कामावरून येऊ शकत नाहीत, सासूबाईंना जिने झेपत नाहीत. मी एकटीनेही जाईन. भीती वाटते म्हणून घरी बसणार नाही, तेवढं आता पक्कं आहे. कागद आहे, तो बोलेल. पण डॉक्टर पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारतील, तेव्हा नेमकं काय दिसलं होतं? ते मला सांगता येणार नाही. मी त्या वेळी ठकीकडे बघतच नव्हते. तुझ्याकडे रागाने बघत होते.

१७ तारीख, गुरुवार, सकाळी साडेदहा. मोठ्या दवाखान्याचा पहिला मजला, डाव्या हाताला लांब बाक आहे. आपल्या शेजारी पिशवी ठेवून जागा धरेन. कोणी विचारलं तर सांगेन, माणूस येतंय.

तुझी,
धाकटी