कूलरच्या मागचा टिक्का

९ एप्रिल, अकोला

महिला मंडळाच्या कूलर तपासणीतली एक गल्ली संपली. बावीस घरं. ऊन असं की ओला दुपट्टा चौथ्या घरापर्यंत वाळून खडंग. जठारपेठेत नणंदेकडे उतरले आहे, तिथंच चपला काढून फरशीवर पाय टेकवून बसले.

पद्धत ठरलेली. कूलर सुरू करायचा, पत्र्याले टेस्टर लावायचा. दिवा लागला तर प्लग उपटून घरवाल्यांना चार बोल सुनवायचे. नाही लागला तर कूलरच्या मागे, बटणांच्या बाजूला, कुंकवाचा टिक्का. कल्पना माझीच. कागदाची चिठ्ठी पाण्यानं गळून पडते, तेलात कालवलेलं कुंकू उन्हाळा काढते. प्रज्ञानं तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. ती आयटीआयत शिकवते, टेस्टर धरायला आम्हा बायांना तिनंच शिकवलं. म्हणे, "ताई, नव्या वस्तूले हळदकुंकू तर सारेच लावतात. पूजेचा कोणता अन् मंडळाचा कोणता, कोणाले कळणार?" म्हटलं, पूजेचा समोर, आपला मागे. मोठी हुशारी दाखवली.

शेवटच्या घरी रेखा म्हणून नवी सून. एकटीच होती, सासू गावी, नवरा कामावर. लिंबू सरबत दिलं. "मावशी, बसा न जराशा, पाय दुखून राहिले असतील." लय गोड पोरगी. बोलता बोलता जठारपेठेकडच्या शेवटच्या गाडीची वेळ झाली.

१८ एप्रिल, अमरावती

कलेक्टर हाफिसातून मंडळाला उत्तर आलं. "पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित." तिसऱ्या उन्हाळ्यातलं तिसरं अग्रेषित. मागणी काय, तर अर्थिंग अन् तीन पिनांचा प्लग असल्याशिवाय पत्र्याचा कूलर विकू देऊ नका. एवढंच. फाईल अमरावतीहून अकोल्याला जाते, अकोल्याहून अमरावतीला येते. मालतीताई (आमच्या अध्यक्षा) म्हणाल्या, या फाईलले एसटीचा पासच काढून द्या. हसलो सगळ्या.

२ मे

नणंदेचा फोन. त्या गल्लीतली रेखा गेली. पाईपानं कूलरमध्ये पाणी भरत होती, पंप सुरू होता. हात लावला अन् चिकटली.

तेच घर का, म्हणून तीनदा विचारलं. तेच.

४ मे, अकोला

भेटायला गेले. सासू कौसाबाई भिंतीला टेकून बसलेली, रडणं संपलेलं. नवरा विलास दाराशी उभा. रेखाच्या माहेरच्यांनी त्याच्यावरच तक्रार केली आहे, यानंच वायर उघडी ठेवली म्हणून. दोनदा ठाण्यात बोलावलं. हा सांगतो, मंडळाच्या बाईनं तपासून टिक्का लावलता. पोलीस हसले म्हणे. "टिक्का तं साऱ्याच कूलरले असते."

कौसाबाईनं माझा हात धरला. "तुमचा टिक्का होता न बाई? पोरगी सांगत होती, मावशीनं पास केला, आता भेव नाही."

मी हो म्हटलं का? मान हलवली वाटते. नक्की आठवत नाही, अन् आठवत नाही हे खोटं आहे. मान हलवली नाही.

पाणी प्यायच्या बहाण्यानं आतल्या खोलीत गेले. कूलर तिथंच, प्लग काढलेला. मागे पाहिलं. अंगठ्याचा, जाड, जरासा ओघळलेला. पूजेला कोणी अंगठा वापरते का? माझाच.

अन् तेव्हा सगळं आठवलं. त्यांचा नळ पाचव्या दिवशी येतो. मी गेले तेव्हा टाकी कोरडी ठण्ण होती. पाणी नाही म्हणून पंप लावलाच नाही. नुसता पंखा फिरवला अन् टेस्टर टेकवला. प्रज्ञानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टाकी भरा, पंप चालू करा, मगच टेस्टर. बाकी एकवीस घरी मी थांबले. घागरीनं पाणी ओतायला लावलं. तिथं मात्र गाडी, सरबत, अन् पाणी संपलेल्या घरी पाणी कसं मागायचं ही लाज.

हे रेखाला माहीत होतं अन् मला. आता मला.

६ मे

घरचा कूलर लावत नाही तीन दिवस. हे चिडले. "जीव घेतं का उकाड्यानं?" मग सांगून टाकलं. बराच वेळ पेपरची घडी घालत बसले. घडी झाली, पुन्हा उलगडली. "तू का मुद्दाम केलं? गप राह्य. बोलून ते पोरगी परत येते का?"

नाही येत. पण करंट पंपाचा होता, उघड्या वायरचा नाही, हे कळलं तर तिचा नवरा ठाण्यातून परत येऊ शकते.

८ मे

मालतीताईंकडे. नवं निवेदन तयार, पहिल्याच पानावर रेखा. कलेक्टर साहेबांनी वेळ दिली आहे, पहिल्यांदा. मी सांगितलं. टाकी कोरडी होती, ताई. पंप लावला नव्हता.

त्या स्वयंपाकघरात गेल्या, गॅस बंद करून आल्या. "शोभा, हे तू मले सांगितलं नाही अन् मी ऐकलं नाही."

"अन् विलास?"

"त्याचं निघंल काही. पण कूलरवाल्यांचा माणूसही तिथं बसला असंल. तो म्हणंल, बायांनीच पास केलता, आमचा काय कसूर? मंग तीन वर्षं गेली पाण्यात. अन् पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक रेखा. ते कोणाच्या माथी?"

वाईट हे, की त्या चुकत नाहीत. भांडायचं म्हणून गेले होते, अन् भांडायला जागाच सापडली नाही. चहा पिऊन आले. मेला चहा कशाला प्यायला?

१२ मे

विलासचा फोन. आवाज बसलेला. "मावशी, ठाण्यात येऊन एक डाव सांगून द्या न, टिक्का तुमचा हाय म्हून. माह्यावर कोणी इस्वास ठेवून नाही राहिलं. सासरा तं तोंड पाहून नाही राहिला. अस्थी बी त्यांनीच नेल्या."

म्हटलं, पाहते.

पाहते! चोवीस वर्षं पोरांना शिकवलं, खोटं बोलू नका. फळ्यावर लिहून घेतलं. अन् तोंडातून निघालं काय, पाहते.

प्रज्ञाला फोन लावला. तिला सांगितलं नाही, पण तिनं ओळखलं. "ताई, टाकी भरली होती न त्या घरी?" मी म्हटलं, रेंज नाही. फोन ठेवून रडले. पंधरा मिनिटं. मग भाजी निवडली.

१५ मे

साहेब भेटले. एसी खोली, खिडक्या बंद, पडदे लावलेले, पाणी बाटलीतलं. निवेदन उभ्या उभ्या वाचलं. रेखाच्या नावाशी थांबले, "अरेरे" म्हणाले. कूलरवाल्यांचा माणूस कोपऱ्यात, मोबाईलमध्ये. विक्रीवरच्या बंदीचं काय, तर "शासनस्तरावर विचाराधीन".

मी बोलणार होते. खरंच. खुर्चीच्या काठावर आले होते. तेवढ्यात साहेबच म्हणाले, "ही टिक्क्याची कल्पना मात्र उत्तम! खर्च शून्य, लोकसहभाग पूर्ण. सगळ्या जिल्ह्यात राबवा. कोणाची कल्पना?"

मालतीताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या शोभाताईंची. प्रशिक्षणही याच देतील."

फोटो काढला. मी मधे. परत येताना जिन्यात ताईंनी दंड धरला, सोडला नाही, रिक्षापर्यंत.

१७ मे

पेपरात फोटो. मी हसून राहिले त्यात. शेजारच्या बाया पेढे मागायला आल्या. ह्यांनी पेपर गादीखाली ठेवला, माझ्या डोळ्यासमोर नको म्हणून. चांगला माणूस आहे. त्यानंही काही होत नाही.

आता बोलायचं तर मंडळ जाते, मोहीम जाते. न बोलायचं तर विलास जाते. मधे मी, कुंकवाची डबी घेऊन.

२० मे, अकोला. दुपारी दीड

समाजमंदिराचा हॉल. पन्नास-एक बाया. टेबलावर कूलर, बादली, टेस्टर. प्रज्ञाला रजा मिळाली नाही. मालतीताई पहिल्या रांगेत, माझ्यावर नजर रोखून.

बरं चाललं होतं. प्लग दाखवला, अर्थिंगची वायर दाखवली. मग नियम. फळ्यावर लिहिला, सवयीनं, ठळक अक्षरात: आधी टाकी भरा. मग पंप चालू करा. मग टेस्टर. म्हटलं, टाकी कोरडी असंल तर टिक्का लावायचा नाही. घरात पाणी नसंल तर परत यायचं. कितीही उशीर होऊ द्या, परत यायचं.

एक पोरगी विचारते, "काहून मॅडम?"

सांगितलं, कोरड्यात पंपाचा करंट कळतच नाही. दिवा लागत नाही अन् आपण पास करून मोकळे होतो.

मागून कोणीतरी उठलं. ओळखलंच नाही आधी, डोक्यावर पांढरा पदर होता. कौसाबाई. यादीत नाव नव्हतं, गल्लीतल्या बायांसोबत आल्या असतील. हळू आवाजात, भांडण नाही, काही नाही, माहिती विचारावी तसं विचारलं.

"मंग बाई, तुम्ही तपासाले आलत्या त्या दिशी आमच्या रेखानं टाकी भरली होती न? आमच्या इथं तं नळ नव्हता आलेला."

मालतीताई उभ्या राहिल्या, "आता जेवणाची सुट्टी" म्हणाल्या. बाया उठल्या, डबे उघडले. कौसाबाई उठल्या नाहीत. तिथंच खाली बसल्या आहेत, डबा आणला नाही.

मी कूलरच्या मागे खुर्ची घेऊन हे लिहून राहिले. माझा डबा त्यांना नेऊन दिला. पोळी मोडली नाही अजून, माझ्याकडेच पाहून राहिल्या आहेत.

दोन वाजता पुन्हा सुरू. फळा पुसायला पोरगी आली होती, मी पुसू दिला नाही.